नहुश्तान आणि पितळी घोडेस्वार

हिज्कीया राजाच्या कारकिर्दीचा वृत्तांत देताना राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा लेखक (१८:४) धातूच्या एका वस्तूचा ओझरता उल्लेख करून पुढे निघून जातो. राजाने उच्चस्थाने काढली, स्तंभ फोडले, आणि त्याच झपाट्यात मोशेने घडविलेल्या सर्पाचेही तुकडे केले; कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. हे वाचताना आपले लक्ष हिज्कीयाच्या आवेशाकडे जाते, सर्पाकडे जात नाही. वास्तविक तो सर्प परक्या दैवताचा नव्हता. देवाच्या आज्ञेने, इस्राएलाच्या पुढाऱ्याने, मरणाऱ्या लोकांचे प्राण वाचावेत म्हणून तो केला होता (गणना २१:४-९). रानातल्या तंबूंपासून हिज्कीयाच्या राज्यापर्यंत, म्हणजे काही शतके, तो कुणीतरी सांभाळला. कुणी सांभाळला, कोठे ठेवला, याविषयी पवित्र शास्त्र मौन बाळगते. पण सांभाळला म्हणून कुणाला दोष दिलेला नाही. दोष आहे तो धुपाला. जपणे आणि पुजणे यांच्यामध्ये कोठेतरी एक रेषा होती, आणि ती आपण ओलांडली आहे हे ओलांडणाऱ्यांना कळलेही नसावे.

भाषांतरकाराची या एका वचनात चांगलीच परीक्षा होते. इब्री भाषेत सर्पाला ‘नाहाश’ आणि तांब्याला ‘नहोशेथ’ असे शब्द आहेत. ‘नहुश्तान’ हे नाव या दोहोंना एकदम स्पर्श करते. मराठीत हा नाद आणता येत नाही. शिवाय हे नाव राजाने तुच्छतेने ठेवले की लोकांनी आदराने, हेही इब्री क्रियापदावरून नक्की ठरत नाही. आपल्या कानांत ‘पितळी सर्प’ हे शब्द बसले आहेत, आणि रूढ झालेला शब्द सहसा हलवू नये या मताचा मी आहे. तरी पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण, आणि मोशेच्या काळी त्या प्रदेशात प्रचार होता तो तांब्याचा व काशाचा. इस्राएलच्या दक्षिणेस तिम्ना येथे तांब्याच्या प्राचीन खाणी आहेत. तेथील एका देवस्थानाच्या उत्खननात बेनो रोथेनबर्ग यांना १९६९ साली तांब्याचा एक सर्प सापडला. त्याची लांबी अवघी बारा सेंटिमीटर असून डोक्याला सोन्याचा मुलामा आहे. तो मोशेचा सर्प नव्हे, हे सांगावयास नको. पण अशी वस्तू मुठीत मावते, कमरेच्या पट्ट्यात लपते आणि आजोबाकडून नातवाच्या हाती सहज जाते, एवढे तो पाहून ध्यानी येते.

हा प्रश्न माझ्यापुढे टिपणवहीतून उतरून जिवंत माणसांच्या रूपाने उभा राहिला तो भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीत.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कॅम्प-१ आणि कॅम्प-२ ही नावे त्या उभारणीच्या काळाची खूण आहेत. तात्पुरत्या म्हणून वसलेल्या या वस्त्या पुढे कायमच्या झाल्या. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, त्यामुळे विदर्भातून व त्याच्याही पलीकडून मराठी माणसे कामाच्या शोधात इकडे येणे स्वाभाविकच होते. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. छत्तीसगड राज्य २००० साली झाले; आता या घरांतील तिसरी-चौथी पिढी घरात मराठी, दारात छत्तीसगडी व हिंदी बोलते. कुटुंब-प्रार्थना मात्र पुष्कळदा अजून मराठीतच होते.

अशाच एका घरी प्रार्थनेनंतर चहा घेताना भिंतीलगतचे काचेचे कपाट मला दिसले. घरातील वडीलधारे गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे जालन्याकडचे. कपाटात धातूची लहान लहान खेळणी ओळीने मांडलेली. लाल डगल्यातले इंग्रजी शिसे-सैनिक, कुणाची टोपी उडालेली, कुणाची बंदूक मोडलेली. मिशनच्या बंगल्यातील परदेशी कुटुंब मायदेशी परतले तेव्हा निघालेल्या किरकोळ सामानातून हे त्यांच्या वडिलांना मिळाले होते. काही चपटे, रंग न दिलेले सैनिक. ते सोव्हिएत तज्ज्ञांच्या मुलांकडून गोट्यांच्या बदल्यात आलेले. चाकांवरचा पितळी हत्ती. कोंडागावच्या घढवा कारागिरांनी ओतलेले घोडे. आणि सगळ्यांत मागे, वीतभरही उंच नसलेला, झिजून गुळगुळीत झालेला पितळी घोडेस्वार. अर्ध्याहून अधिक वस्तू त्यांनी कबाड्याच्या काट्यावरून उचललेल्या होत्या. लोखंडाच्या गावात पितळेला मोल चढते, आणि भट्टीत जाण्यापूर्वी एखादा हत्ती किलोच्या भावाने वाचविता येतो, असे ते हसत म्हणाले.

तो घोडेस्वार कधी काळी देव्हाऱ्यात होता. खंडोबाच्या अशा लहान अश्वारूढ मूर्ती महाराष्ट्रातील असंख्य घरांत पिढ्यान्‌पिढ्या पुजल्या गेल्या आहेत व आजही पुजल्या जातात. या गृहस्थांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा देव्हारा मोडला. चांदीचे टाक भावकीतील लोकांनी नेले. हा एक घोडेस्वार राहिला, आणि आजोबांनी तो रांगत्या मुलाच्या पुढ्यात खेळावयास ठेवला. ते मूल म्हणजे या गृहस्थांचे वडील. पुढे हे स्वतः त्याच घोड्याशी खेळले. घोड्याचे कान झिजले आहेत ते धुपाने वा गंधाने नव्हेत, दुधाच्या दातांनी झिजले आहेत.

आता सुनेचे म्हणणे असे की ही वस्तू घरात नको. ती दुसऱ्या मंडळीत वाढलेली, प्रार्थनाशील, सरळ मनाची मुलगी आहे. तिच्या आईने तरुणपणी घरातील देव सोडताना पुष्कळ सोसले होते, आणि त्या घरात मूर्ती या शब्दाचा अर्थ पुस्तकी नव्हता. सासऱ्यांविषयी तिच्या मनात आदर होता, म्हणूनच ती वर्षभर गप्प राहिली होती. शेवटी तिनेच विषय काढला आणि तिचे डोळे भरून आले. गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, “ब्रदर, तुम्ही शास्त्राचे काम करता. हा देव आहे का खेळणे आहे, तेवढे सांगा.”

तेवढे सांगणे सोपे असते तर पुराणवस्तू-संशोधकांचा बराच त्रास वाचला असता. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे उजाड गाव आहे. १९७४ साली तेथील एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ व त्यावर उभा असलेला माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. रथ पंचेचाळीस सेंटिमीटर लांब आहे. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. हत्तीची चाके हरवली आहेत. या वस्तू सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात असे पुष्कळ अभ्यासक मानतात, काहींना ते मान्य नाही. चाके पाहताच कुणालाही वाटावे की हे खेळणे आहे. पण वस्तू भरीव आणि जड आहेत. त्या मिरवणुकीत ओढल्या जात असाव्यात, त्यांचा संबंध पूजाविधीशी असावा, असेही मत आहे. ज्यांनी त्या ओतल्या ते गेले, ओढणारे गेले, आणि कथा सांगणारा कुणी उरला नाही. धातू जसाच्या तसा आहे, अर्थ मात्र नाहीसा झाला. आठवण वस्तूत साठलेली असते असे आपण सहज बोलतो, ते कितपत खरे, याचा विचार दायमाबादच्या रथापुढे उभे राहून करावा.

संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मृतीला विस्तीर्ण दालनांची उपमा दिली आहे. त्या दालनांत वस्तू स्वतः येत नाहीत, त्यांच्या प्रतिमा येतात, असे तो बारकाईने दाखवितो. हे मान्य केले तर कपाटातला शिसे-सैनिक आठवणीचे घर ठरत नाही, फार तर दाराची कडी ठरतो. तरीही कडीचे महत्त्व मी कमी मानणार नाही. साठी उलटलेला माणूस तो थंड, वजनदार तुकडा तळहातावर घेतो आणि त्याला बंगल्याचा व्हरांडा, आईच्या हाताचा वास, रशियन मुलाने मोडक्या हिंदीत केलेला सौदा, सारे एकदम आठवते. धातूला स्वतःचे वजन व गारवा आहे. प्लास्टिकला तो नाही, आणि हातही ज्याच्या त्याच्या परीने स्मरण करीत असतात.

ही खेळणी घडली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. युरोपात जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे चपट्या कथिली सैनिकांचे माहेरघर होते. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतकामाची रीत काढली: वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साचा फिरवायचा, आणि आतला रस घट्ट होण्यापूर्वी उरलेला धातू बाहेर काढून टाकायचा. साच्याला चिकटलेले पातळ कवच तेवढे राहते. शिसे कमी लागल्यामुळे सैनिक स्वस्त झाले व साम्राज्यातील मुलांच्या खोल्यांत त्यांच्या पलटणी उभ्या राहिल्या. (युद्ध हे खेळणे म्हणून मुलाच्या हाती द्यावे का, हा वेगळा व गंभीर प्रश्न आहे, मला स्वतःला त्या लाल डगल्यांपेक्षा पितळी हत्ती बरा वाटतो.) कोंडागावच्या घढव्यांची रीत अगदी निराळी. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या सुतासारख्या तारा गुंडाळून घोडा घडवायचा, वर पुन्हा माती थापायची, तापवून मेण वितळवायचे आणि मेणाच्या रिकाम्या जागी पितळेचा रस ओतायचा. घोडा बाहेर काढताना साचा फुटतोच. म्हणून एकासारखा दुसरा घोडा निघत नाही.

इंग्रजी सैनिकाचे शिसे मला अनोळखी नव्हते. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या अशाच मिश्रणातून छापखान्याचे खिळे ओतीत. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांतून केलेले मराठी पवित्र शास्त्राचे भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच खिळ्यांनी छापले गेले, आणि ते खिळे जुळविणाऱ्या तेथल्याच मुली व स्त्रिया होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभुघरी गेल्या, त्यापूर्वी थोडेच दिवस काम पुरे झाले होते. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे, ११ मार्च १८१२ रोजी, श्रीरामपूरचा (बंगालमधील, आपला नव्हे) विल्यम केरींचा छापखाना जळाला. पौर्वात्य लिपींचे खिळे वितळून शिशाचे गोळे झाले. केरींच्या हस्तलिखितांची राख झाली व त्यांतले काही पुन्हा कधीच उभे राहिले नाही. परंतु अक्षरांचे पोलादी ठसे बचावले होते. राखेतून शिसे गोळा करून त्याच धातूची अक्षरे पुन्हा ओतण्यात आली आणि काही महिन्यांत छपाई सुरू झाली. छापखान्याचा खिळा जपण्यासाठी नसतो; झिजला की भट्टीत जातो. सैनिक आणि खिळा एकाच धातूचे, पण एकाला आपण कपाटात ठेवतो आणि दुसऱ्याकडे तो झिजावा म्हणूनच पाहतो.

साठवण्याविषयी बोलताना मत्तय ६:१९ टाळून चालणार नाही. कसर आणि जंग या जोडीने ते वचन आपल्याला पाठ आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘जंग’ या ठिकाणी ‘ब्रोसिस’ असा शब्द आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘खाणे’ असा आहे. धातूच्या गंजासाठी ग्रीकमध्ये निराळा शब्द आहे. याकोबाने आपल्या पत्रात (५:३) तो वापरला आहे. मत्तयातील शब्द अधिक व्यापक आहे. जे जे साठविले जाते त्याला आतून काहीतरी खात असते, मग ती कीड असो, उंदीर असो वा गंज. शिशाच्या खेळण्यांना लागणारे ‘खाणे’ तर मोठे विलक्षण आहे. बंद लाकडी कपाटात लाकडातून व प्लायवूडच्या चिकटातून आम्लाची सूक्ष्म वाफ निघत राहते. तिने शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि सैनिक पायांपासून हळूहळू भुगा होत जातो. ओक लाकडाची कपाटे यासाठी जगभरच्या संग्रहालयांत बदनाम आहेत. उघड्यावर धूळ खात पडलेला सैनिक कदाचित अधिक काळ टिकेल. कॅम्प-१ मधल्या त्या कपाटातही दोन सैनिकांच्या बुटांवर ही पांढरी भुकटी मी पाहिली. ज्याने चोरापासून राखायचे तेच कपाट आतून खात होते.

म्हणून संग्रह करणेच चूक, असा निर्णय देऊन मोकळे होता येईल काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पुण्याच्या शुक्रवार पेठेत आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, आणि त्यांचा चरितार्थ चष्म्याच्या दुकानावर चाले. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. १९२० च्या सुमारास सुरू झालेला त्यांचा संग्रह पुढे त्या मुलाचे स्मारक बनला. पितळी दिवे, अडकित्ते, दौती, बाहुल्या, खेळणी, ज्यांना त्या काळी कुणी ऐतिहासिक म्हटले नसते अशा घरगुती वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून, पदरमोड करून जमविल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. १९६० च्या सुमारास पंधरा हजारांच्या घरात वस्तू झाल्या होत्या. आणि १९७५ मध्ये त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मुलाच्या नावाने जमविलेले दुसऱ्यांच्या मुलांना पाहावयास मोकळे झाले. शाळेच्या सहलीतली पोरे तेथे नाक काचेला लावून उभी असतात. त्या दुःखी पित्याच्या संग्रहाला कोणत्या तोंडाने पृथ्वीवरची संपत्ती म्हणावे? मुलाच्या मृत्यूचे दुःख उघडे ठेवण्याची ती एक रीत होती.

आता सुनेचा आक्षेप. तो हलक्याने घेण्यासारखा नाही. राहेलीने बापाच्या गृहदेवता चोरल्या, उंटाच्या खोगिरात लपविल्या व त्यांवर ती बसून राहिली (उत्पत्ती ३१). का चोरल्या हे शास्त्र सांगत नाही. नुझी येथील मातीच्या पाट्यांच्या आधारे एके काळी असे मांडले गेले की गृहदेवता जवळ असणे हा वारसाहक्काचा पुरावा होता. पुढे अभ्यासकांनी या मतावर बरीच शंका घेतली. मला आपले साधेच वाटते की माहेर कायमचे सोडणाऱ्या मुलीने हाताला लागेल ते उचलले. पण तेवढ्याने ती गोष्ट निरुपद्रवी ठरत नाही. पुढे शखेमजवळ याकोबाने घरातील सारे परके देव एलाच्या झाडाखाली पुरले (उत्पत्ती ३५:४), त्यांत त्या असाव्यात. याकोबाने पुरले, हिज्कीयाने फोडले. जालन्याच्या त्या आजोबांनी तिसरीच वाट काढली, मुलाला दिले. ज्यांच्या घरी ती मूर्ती आजही देव आहे त्या शेजाऱ्यांना ही कृती अनादराची वाटू शकेल, याची जाणीव ठेवूनच मी लिहीत आहे. आजोबांच्या मनात अनादर नसावा. नदीत सोडून ते मोकळे झाले नाहीत, सोनाराच्या मुशीतही घातले नाही. भय नाहीसे झाले की वस्तूत काय उरते, तर घोडा उरतो, आणि घोडा मुलाला आवडतो. मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही, हे पौलाचे म्हणणे (१ करिंथ ८:४) त्यांनी वाचले होते की नाही कोण जाणे. त्यांनी ते जमिनीवर बसून करून दाखविले.

परंतु पौल तेथे थांबत नाही. आठव्या अध्यायाचे ओझे पुढच्या वचनांवर आहे. ज्याला ज्ञान आहे त्याच्या मोकळेपणामुळे दुसऱ्याचा विवेक दुखावत असेल, तर तो मोकळेपणा आवरावा. कोणाचे ज्ञान बरोबर हा प्रश्न पौल बाजूला ठेवतो आणि कोणाचा भाऊ दुखावतो हे विचारतो. या निकषावर सासऱ्यांचे ज्ञान बरोबर असूनही सुनेचे अश्रू जड भरतात. येथे काही विद्वान म्हणतील की ‘दुर्बळ विवेक’ हा शब्द तिला लावणे योग्य नाही, आणि मीही तो तिच्या तोंडावर उच्चारणार नाही. तिचा विवेक दुर्बळ नाही, जखमी आहे. तिच्या आईच्या घरी मूर्ती सोडण्याची किंमत दिली गेली होती. त्या किमतीची आठवण हाही वारसाच आहे, आणि तो कोणत्याही कपाटात मांडलेला नाही.

मला खरी अडचण दिसली ती निराळ्याच ठिकाणी. घरात सात वर्षांचा नातू आहे. आम्ही बोलत होतो तेवढा वेळ तो काचेला कपाळ टेकून उभा होता. कपाटाला कुलूप आणि किल्ली आजोबांच्या जानव्याला, असे पूर्वीच्या गोष्टींत असे. येथे ती शर्टाच्या आतल्या खिशात होती. मुलाने कधी हात लावला आहे का, असे मी विचारले. नाही, पाडील, हरवील, असे उत्तर आले. ज्या वस्तूचे कान दोन पिढ्यांच्या दातांनी झिजले तिला तिसऱ्या पिढीचा हात लागलेला नव्हता. आजोबांच्या आजोबांनी घोडेस्वाराला देव्हाऱ्यातून उतरवून जमिनीवर आणले होते, आणि तो पुन्हा काचेमागे, उंचावर, स्पर्शास निषिद्ध होऊन बसला होता. धूप नव्हता एवढेच. मी हे त्यांना जितक्या सौम्यपणे सांगता येईल तितक्या सौम्यपणे सांगितले, आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सुनेने मात्र चमकून वर पाहिले. तिची भीती मूर्तीच्या आकाराची होती. किल्लीकडे तिचेही लक्ष गेले नव्हते.

एक गोष्ट येथे स्पष्ट करावयास हवी, नाही तर माझ्या लिहिण्याने कुणाचे नुकसान व्हावयाचे. शिसे-सैनिक मुलाच्या हाती देऊ नयेत. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. ब्रिटनमध्ये १९६६ पासून शिशाचे सैनिक बनविणे थांबले ते याच धास्तीने. जुन्या रंगांतही शिसे असते. तेव्हा काही वस्तूंना काच हवीच. जुन्या पितळेतही थोडे शिसे असू शकते, म्हणून नातवाचे दात आता त्याला न लागलेले बरे; पण हात लागावयास, आजोबांच्या मांडीवर बसून तो घोडा पाहावयास, आणि नंतर हात धुवावयास काय हरकत आहे?

यहोशवाने यार्देनेतून काढलेले बारा धोंडे गिलगालात उभे केले (यहोशवा ४). त्या विधीत मुलाच्या प्रश्नासाठी जागा आधीच ठेवलेली आहे: पुढे मुले विचारतील की हे धोंडे कशाचे, तेव्हा त्यांना सांगा. धोंडे स्वतः बोलणार नाहीत हे गृहीत आहे. विचारणारे मूल आणि सांगणारा बाप असेतोवरच ते स्मारक. एरवी नदीकाठी धोंड्यांना काय तोटा? कॅम्प-१ मधल्या त्या नातवाला घोडेस्वाराची गोष्ट ठाऊक नव्हती. त्याचे खापरपणजोबा कोण, त्यांनी देव्हारा का मोडला, भावकी कशी तुटली, यांतले काहीच त्याला कुणी सांगितले नव्हते. आणि नवल म्हणजे त्याच्या आईलाही ही हकिकत पुरी माहीत नव्हती. मूर्ती म्हणून जिची तिला भीती वाटत होती ती वस्तू तिच्या सासरच्या विश्वासाचा पहिला दाखला होती. त्या संध्याकाळी गृहस्थांनी ती प्रथमच सबंध सांगितली. ऐकून तिचे मन बदलले असे मी लिहिणार नाही; ती एवढेच म्हणाली की विचार करते, प्रार्थना करते. तिने घोडेस्वार घरात नको असे ठरविले तर तो दुसऱ्या कुणाला द्यावा, हट्ट धरू नये, असे मी गृहस्थांना सांगितले आहे. हकिकत घरात राहील, आणि पौलाची अपेक्षाही तीच असती असे मला वाटते.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्न्याविषयी दोन आज्ञा जवळजवळ आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. सकाळपर्यंत काही उरवू नका. ज्यांनी उरविले त्यांच्या मान्न्यात किडे पडले. आणि थोडे पुढे, एक ओमर मान्ना पात्रात घालून पिढ्यान्‌पिढ्यांसाठी राखून ठेवा, म्हणजे मी तुम्हांला रानात काय खावयास दिले ते त्यांना दिसेल. तोच पदार्थ एका तंबूत सडला आणि दुसऱ्या जागी टिकला. टिकलेला कुणा एकाचा नव्हता आणि तो दाखविण्यासाठी होता. पुढे शलमोनाने मंदिर बांधून कराराचा कोश आत आणला तेव्हा त्यात दोन दगडी पाट्यांखेरीज काही नव्हते, असे राजांचे पहिले पुस्तक (८:९) नोंदविते. पात्र कोठे गेले हे कुणी विचारल्याची नोंद नाही. मान्न्याची गोष्ट मात्र कफर्णहूमच्या सभास्थानात लोकांना तोंडपाठ होती, आणि योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने बोलणे सुरू केले ते तिथूनच.